मुलाला शाळेत कोणी छळतंय असं कळलं तर: ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी

मुलं घरी येऊन ‘मला शाळेत त्रास देतात’ असं सहसा सांगत नाहीत. ती सांगतात, पोट दुखतंय. रविवारी रात्रीपर्यंत ठणठणीत असलेलं पोर सोमवारी बसच्या वेळेला पोट धरून बसतं आणि बस निघून गेली की तासाभरात पोहे मागतं. आपण ‘नाटकं करू नकोस’ म्हणून मोकळे होतो. पण भीतीनं पोट खरोखर दुखतं, तेव्हा ते नाटक आहे असं आधीच ठरवून टाकू नका.

आणखी काही खुणा असतात. शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून बाथरूमकडे धाव घेणं ही त्यातली एक, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शाळेच्या टॉयलेटमध्ये कोणी दार ढकलतं, वरून डोकावतं, बाहेरून कडी लावतं. मग मूल दिवसभर तिकडे फिरकत नाही, त्यासाठी पाणीही पीत नाही, आणि बाटली भरलेलीच घरी येते. डबा रिकामा येतो, तरी पोर भुकेनं कासावीस असतं. कंपासपेटीतल्या वस्तू सारख्या ‘हरवतात’. एखादी खूण दिसली म्हणजे छळच चाललाय असं नाही. पण दोन-तीन खुणा एकत्र आल्या आणि आठवडा-दोन आठवडे टिकल्या, तर विचारायला हवं.

ठाणे-नवी मुंबईत नव्यानं आलेल्या कुटुंबांनी जरा जास्त लक्ष ठेवावं. बदली झाली, घोडबंदर रोडला किंवा खारघरला फ्लॅट घेतला आणि मूल पाचवी-सहावीत थेट नव्या शाळेत गेलं, तर वर्गातले ग्रुप आधीच जमलेले असतात. त्यात कोल्हापूर, लातूर, जळगावकडची बोली तोंडात असली, इंग्रजी थोडं अडखळत असलं, की ‘गावठी’ हे नाव चिकटायला दोन दिवस लागत नाहीत. हे चिडवणारी मुलंही बहुतेक मराठीच असतात, हा त्यातला आणखी एक चमत्कार.

आधी ठरवा: भांडण की छळ?

मुलांची भांडणं होणारच. आज कट्टी, उद्या बट्टी. त्यात आईबाबांनी उतरायचं कारण नाही. या विषयाचा सुरुवातीपासून अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकापासून स्कँडिनेव्हियातल्या शाळांमध्ये काम केलं. त्यांनी घालून दिलेले तीन निकष आजही वापरले जातात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि देणाऱ्याचं बळ जास्त असतं. बळ म्हणजे फक्त अंगाची ताकद नव्हे. पाच जणींचा ग्रुप, वर्गात मॉनिटर असणं, मुलाचं एखादं गुपित ठाऊक असणं, हेही बळच. घरी पडताळायला माझ्या मते दोन प्रश्न पुरेत. हे थांबवायचं आपल्या मुलानं ठरवलं, तर ते एकट्यानं थांबवू शकतं का? आणि हसतंय कोण, दोघंही की एकच?

मारहाणीचा छळ लवकर उघड होतो, कारण वळ दिसतात. मुलींमध्ये जास्त आढळणारा, पण मुलांमध्येही असणारा दुसरा प्रकार दिसत नाही. डबा खायला बसताना सरकून जागाच न देणं, वाढदिवसाला सगळ्या वर्गाला बोलावून एकीला वगळणं, ती आली की सगळ्यांनी एकदम गप्प होणं. शाळेकडे जाऊन ‘तिच्याशी कोणी बोलत नाही’ म्हटलं की ‘आम्ही बोलायची सक्ती कशी करणार?’ असं उत्तर येतं. ठरवून एकटं पाडणं हाही छळच आहे, हे धरून चाला.

पहिल्या संध्याकाळी

समोर बसवून चौकशी केली तर मूल मिटतं. रिक्षात, भाजी आणताना, रात्री दिवा घालवल्यावर, म्हणजे एकमेकांकडे बघावं लागत नाही अशा वेळी ते सुटं बोलतं. आणि ‘कोण त्रास देतं?’ यापेक्षा ‘कुठे’ हा प्रश्न सोपा असतो, कारण त्यात कोणाची चुगली करावी लागत नाही.

“शाळेत कुठली जागा तुला अजिबात आवडत नाही?”
“जिना.”
“कुठला, कँटीनकडचा?”
“नाही. लॅबचा. पी.टी.ला जाताना तिथूनच जावं लागतं.”
“तिथे काय होतं?”
“काही नाही.” मग थोड्या वेळानं, “पाय घालतात.”
“आज घातला?”
“रोजच घालतात, आई.”

इथे आईनं फोन उचलून क्लास टीचरला लावला, तर संवाद तिथेच संपतो. बहुतेक मुलांना छळाइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, आईबाबा आता काय करतील याची धास्ती असते. बाबा शाळेत येऊन आरडाओरडा करतील, मग सगळ्या वर्गाला कळेल, मग ‘चोंबडा’ म्हणतील. म्हणून पहिल्या दिवशी एवढंच: “बरं झालं सांगितलंस. यात तुझी चूक नाही. तुला सांगितल्याशिवाय मी काही करणार नाही.” आणि मग शब्द पाळा. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं मात्र कबूल करू नका, कारण सांगावं लागणार आहे.

“तूही एक ठेवून दे” हा घराघरातला सल्ला. आजोबांपासून शेजारच्या काकांपर्यंत सगळे देतात. ज्याला मारता येत असतं त्याला सहसा कोणी छेडत नाही, एवढं लक्षात घेतलं तरी त्यातला पोकळपणा कळतो. शिवाय कॅमेऱ्यात किंवा बाईंच्या नजरेत नेमका तोच फटका येतो आणि डायरीत शेरा आपल्याच मुलाच्या नावावर पडतो.

आठवडाभर वही ठेवा

साधी वही. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण होतं, कोणी पाहिलं. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘छळ केला’ असं लिहू नका. ‘बाटलीतलं पाणी दप्तरात ओतलं’ असं लिहा. फाटलेला शर्ट, चिरडलेली वही, अंगावरचा वळ यांचे फोटो तारखेसह ठेवा. मार लागला असेल तर फॅमिली डॉक्टरांना दाखवून कागदावर नोंद करून घ्या.

आठवड्यानं वही उघडलीत की बहुतेक वेळा एक गोष्ट दिसते. नावं चार-पाच असतील, जागा मात्र एक किंवा दोनच. जिना, टॉयलेट, बसची मागची सीट, दोन तासांमधली पाच मिनिटं. जिथे मोठं माणूस नसतं, तिथेच हे घडतं. म्हणून शाळेकडे काय मागायचं ते या ‘कुठे’च्या रकान्यातून ठरवा. ‘त्या मुलाला शिक्षा करा’ म्हटलं की शाळा बचावात जाते, समोरचे पालक येतात, ‘आमचा असं करूच शकत नाही’ सुरू होतं आणि महिना जातो. ‘पी.टी.च्या वेळी लॅबच्या जिन्यावर कोणी शिक्षक उभे राहतील का?’ ही मागणी नाकारणं कोणालाही अवघड जातं.

क्लास टीचरना लेखी कळवा

आधी फोन, मग भेट, मग लेखी, असा क्रम पालक धरतात. मी उलटा सांगेन. आधी छोटी मेल किंवा डायरीत चिकटवलेलं पत्र, त्यात भेटीची वेळ मागा. गेटवर सुटीच्या गर्दीत बाईंना गाठून सांगितलेल्या गोष्टीची नोंद कुठेच राहत नाही, आणि त्या बिचाऱ्यांचं लक्षही रिक्षा-बसच्या रांगांकडे असतं. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी मराठीत लिहायला हरकत नाही. अडखळत्या इंग्रजीपेक्षा नेमकं मराठी बरं. नमुना असा:

*आदरणीय मॅडम,*
*माझी मुलगी सहावी ब मध्ये शिकते. गेल्या आठवड्यात पुढील प्रकार घडल्याचे तिने आम्हाला सांगितले. सोमवारी मधल्या सुट्टीत, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर, वर्गातील दोन मुलींनी तिचा डबा हिसकावून खाली टाकला. बुधवारी पहिल्या तासाआधी तिच्या बोलण्याची नक्कल करून तिला सर्वांसमोर ‘गावठी’ म्हटले. शुक्रवारी पुन्हा जिन्यावर तिला अडवून ठेवले. तेव्हापासून ती मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर जात नाही. मधल्या सुट्टीत जिन्यापाशी कोणी शिक्षक असावेत आणि तिची बसण्याची जागा बदलावी, अशी विनंती आहे. या आठवड्यात भेटीची वेळ द्यावी. त्या वेळी मुलींची नावे सांगू. तोपर्यंत वर्गात सर्वांसमोर हा विषय काढू नये, ही विनंती.*

शेवटचं वाक्य विसरू नका. काही शिक्षक भल्या हेतूनं ‘कोण त्रास देतं हिला, उभे राहा’ असं भर वर्गात विचारतात, आणि मधल्या सुट्टीत त्याची वसुली होते. दोघांना समोरासमोर बसवून ‘सॉरी म्हणा, हात मिळवा’ हा उपायही भांडणाला चालतो, छळाला नाही. नम्रपणे पण स्पष्ट सांगा की दोघांशी वेगवेगळं बोलावं.

भेटीला शक्यतो दोघंही जा. आवाज चढू देऊ नका. उठताना विचारा: काय करायचं ठरलं, कोण करणार, पुन्हा कधी बोलायचं? घरी आल्यावर तेच तीन मुद्दे मेलनं पाठवा. त्या दुसऱ्या मुलावर काय कारवाई झाली हे शाळा तुम्हाला सांगेलच असं नाही. तो हट्ट सोडा. तुमच्या मुलाचा त्रास थांबला का, एवढंच मोजा.

बस आणि व्हॅन

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तास-तासभर बसमध्ये बसणारी मुलं आहेत. दिवसातला हा सगळ्यात कमी देखरेखीचा वेळ, आणि दहावीतली व दुसरीतली मुलं एकाच गाडीत. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ ची नियमावली आहे. तिच्यानुसार बसमध्ये मदतनीस हवा, मुली असतील तर महिला मदतनीस हवी, आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी, तीत पालकांचा प्रतिनिधीही असतो. ‘बस आमची नाही, ठेकेदाराची आहे’ हे उत्तर त्यामुळे टिकत नाही. मागणी छोटी ठेवा: जागा ठरवून द्या, लहान मुलं पुढे, आणि मदतनीस ताईंनी मागच्या बाजूला बसावं. ताईंशी स्वतः चार शब्द बोला. बसमधलं जेवढं त्यांना ठाऊक असतं तेवढं शाळेत कोणालाच नसतं, आणि त्यांना कोणी विचारत नाही. खासगी व्हॅन असेल आणि काका एकटेच गाडी चालवत असतील, तर मूल त्यांच्या शेजारच्या बाजूला बसेल एवढं पाहा, नाहीतर काही दिवस स्वतः सोडा.

तो मुलगा आपल्याच सोसायटीत राहतो

इथल्या मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये हे हमखास घडतं. शाळा तीच, बस तीच, संध्याकाळचं ग्राउंड तेच, क्लासही तोच. लिफ्टमध्ये त्याची आई भेटते आणि हसते. सरळ बोलून टाकावं असं वाटतं. जुनी ओळख, घरोबा असेल तर बोला, पण तक्रार म्हणून नको: “दोघांचं काहीतरी बिनसलंय वाटतं, तुमच्या कानावर काही आलंय का, वहिनी?” ओळख नसेल तर शाळेमार्फतच जा. त्या मुलाला परस्पर खाली गाठून दम देणं पूर्णपणे टाळा. तुम्ही मोठे आहात, उलट तक्रार तुमच्यावर होईल आणि मूळ विषय बाजूला पडेल.

सोसायटीच्या किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलाचं नाव, फोटो टाकू नका. रात्री साडेअकराला टाकलेला तो मेसेज सकाळपर्यंत अनेक ग्रुपवर फिरलेला असतो, आणि ‘ज्याच्या आईनं मेसेज टाकला तो’ ही आपल्या मुलाची नवी ओळख होते.

मुलाच्या हातात काय द्यायचं

एक वाक्य आणि एक मित्र. वाक्य छोटं, सपाट आवाजात: “बास. मला हे आवडत नाही.” आणि तिथून निघून माणसं असतील तिकडे जायचं. आरशासमोर, मग तुमच्यासमोर, म्हणून घ्या. तुम्ही चिडवणारे व्हा, त्याला म्हणू द्या, हसू आलं तर हसा. हे सगळ्यांना जमत नाही. नाही जमलं तर चालतं, तसं त्याला सांगाही.

मित्राचा उपयोग मात्र पक्का आहे. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावरच्या प्रसंगांचं चित्रण तपासून २००१ साली जे प्रसिद्ध केलं, त्यात बघ्या मुलांपैकी कोणी मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबल्याचं दिसलं. म्हणून सगळ्या वर्गाशी जमवून घ्यायचा आग्रह नको. वर्गातल्या एकाच बऱ्या मुलाला शनिवारी घरी बोलवा. मिसळ करा, उपवन तलावावर फिरायला न्या, एकत्र प्रोजेक्ट करू द्या. नव्यानं आलेल्या मुलासाठी यापेक्षा चांगला खर्च नाही.

मोबाइलवर चाललं असेल तर उत्तर न देता स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. आधी डिलीट करू नका. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप दोन्हींच्या नियमांत किमान वय १३ आहे. सहावीच्या वर्गाचा मुलांचाच ग्रुप चालला असेल तर शाळेला कळवायला तेवढं निमित्त पुरतं. खोटं अकाउंट, बनवलेले फोटो, धमक्या असतील तर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. शिक्षा म्हणून मुलाचा फोन काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.

शाळा हलत नसेल तर

क्लास टीचरना आठवडा द्या, मग सुपरवायझर किंवा मुख्याध्यापक, लेखीच, आणि पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सीबीएसई शाळा असेल तर बोर्डाच्या मार्च २०१५ च्या परिपत्रकाचा उल्लेख करा; त्यात शाळेनं छळविरोधी समिती नेमावी असं आहे, तीत उपमुख्याध्यापक, समुपदेशक, पालक प्रतिनिधी असतात. महाराष्ट्रात शाळांसाठी सखी सावित्री समितीचा, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायच्या समितीचा, शासन निर्णय २०२२ चा आहे. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर सरकारनं तक्रारपेटी, सीसीटीव्ही यांच्यासह त्याची पुन्हा आठवण करून दिली. समितीची नावं फलकावर आहेत का, पाहा. पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात ७५ टक्के पालक असतात, त्यांना भेटा.

मोठ्या वर्गातली मुलं लहानांना छळत असतील तर महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आठवा. त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या कॉलेजपुरती नाही, आणि तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी करायची असते. पहिल्याच पत्रात हे घालू नका. दुसऱ्या पत्रात एक ओळ पुरते.

त्यापुढे शिक्षणाधिकारी. इथे नवे लोक नेहमी चुकतात. ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ हा भाग ठाणे जिल्ह्यात. पण खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे रायगड जिल्ह्यात येतात, म्हणजे जिल्हा परिषदेचं कार्यालय अलिबागला. पत्त्यावर नवी मुंबई लिहिलेलं असतं म्हणून अर्ज ठाण्याला गेला की तो फिरत बसतो. पोलीस मात्र ऐरोली-वाशीपासून पनवेल-उलव्यापर्यंत नवी मुंबई आयुक्तालयाचेच, ठाणे शहराचं आयुक्तालय तेवढं वेगळं.

शिक्षकच अपमान करत असतील, मारत असतील, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. अशा वेळी क्लास टीचरची पायरी गाळून थेट मुख्याध्यापकांकडे जा.

पायऱ्या मोजत बसू नये असे प्रसंग

नको तिथे हात लावणं, कपडे काढायला लावणं, तसले फोटो काढणं किंवा फिरवणं: हा २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या, कायद्याचा विषय आहे, समोरचा अल्पवयीन असला तरी. शाळेला माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपसात मिटवू’ चालत नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे, तातडीला ११२. मूल ‘मला जगायचंच नाही’ असं म्हणालं, अंगावर ब्लेडच्या खुणा दिसल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, एकटं ठेवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलता येतं. ठाण्यात नौपाड्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. समुपदेशकाकडे नेताना मुलाला ‘तुझ्यात काही बिघाड आहे म्हणून’ असं वाटू देऊ नका. या गोष्टींवर कसं वागायचं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडे आपण जातोय, एवढंच सांगा.

शाळा बदलावी का?

दोन-तीन महिने लेखी पाठपुरावा करूनही जिना तसाच असेल, तर बदला. त्यात हार नाही. पण निर्णय मुलाला विचारून करा आणि नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात क्लास टीचरना थोडक्यात सांगून ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला फी किंवा वादापायी अडवला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जा. आठवीपर्यंत, दाखला उशिरा आला म्हणून सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

आणि शाळेतून फोन आला की त्रास देणारा आपलाच मुलगा आहे, तर लगेच ‘आमचा असा नाही’ म्हणू नका, घरी येऊन बडवूही नका. काय केलं, कुठे, कोणासोबत, हेच त्याला विचारा. मग शाळा जे ठरवेल ते पाळा, आणि तो त्या ग्रुपबरोबर कुठल्या बसमध्ये, कुठल्या क्लासला असतो ते बघून पुढच्या सोमवारपासून वेळ बदला.